फणसाला घाबरणारी बयो

लिफ्टमध्ये नवा माणूस भेटला की तो आधी आमच्या कुत्रीची, बयोची, जात विचारतो. 'गावठी' म्हटलं की क्षणभर शांतता. मग तोच तिला जरा वर सरकवतो. 'नाही, पण कशात तरी मिक्स असणार. तोंड बघा ना किती लांबट आहे.' दुसरा प्रश्न, कुठून आणली. शेल्टरमधून, असं सांगितलं की आवाज खाली येतो. 'अरेरे! काय काय भोगलं असेल हो बिचारीनं!' बिचारी त्या वेळी त्यांच्याच पिशवीतल्या कोथिंबिरीच्या जुडीत नाक घालून उभी असते.

काय भोगलं ते मला माहीत नाही, असं मी सांगते. हे उत्तर आजवर कुणालाही आवडलेलं नाही. माणसं थोडी हिरमुसतात. आम्ही काहीतरी लपवतोय, असंही एकदोघांना वाटलं असावं.

घरात कुत्रं यावं हा मुलाचा हट्ट होता. मोठं झालेलं कुत्रं यावं हा माझा. पिल्लू म्हणजे रात्री-अपरात्री उठणं, चपला, चार्जर, सोफ्याचे कोपरे. डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्या बाईला पहाटे तीनला कुणाची शू काढायला उठायची हौस नव्हती, ते सगळं मुलाच्या वेळी करून झालं होतं. शिवाय मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो. पिल्लाचा काय होईल ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही.

बदलापूरच्या पुढे एक शेल्टर आहे, तिथे गेलो. दिवस पौषातले. हे सांगायचं कारण आहे. भाद्रपदात कुत्र्यांचं काय चालतं हे मराठी माणसाला शिकवायला नको. त्यात साधारण त्रेसष्ट दिवस मिळवले की दिवाळीच्या आगेमागे गल्लोगल्ली पिल्लं जन्माला येतात. पौष उजाडेपर्यंत त्यातली आई मेलेली, गटारात पडलेली, कुणी खोक्यात घालून गेटवर ठेवलेली पिल्लं शेल्टरमध्ये जमतात. पत्र्याच्या शेडखाली नुसता चिवचिवाट होता. आत जाताना चपलांचे तळवे जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायला लावले आणि पिल्लांना हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा संसर्ग. एका पिल्लाला झाला की दोनचार दिवसांत अख्खा पिंजरा रिकामा होऊ शकतो, आणि तो आपल्या चपलेवरूनही येतो.

फिनाइल, ओलं कुत्रं आणि हळद घातलेला भात, असा तिथला वास. मोठ्या पातेल्यात भातासोबत कोंबडीच्या माना शिजत होत्या. एका कोपऱ्यात एक हस्की कूलरसमोर आडवा पडला होता, पौषातसुद्धा. कुणीतरी कागदपत्रांसकट विकत घेतलेला, मग त्याची लव सोफ्यावर पडते म्हणून सोडलेला. शेजारी दोन म्हाताऱ्या लॅब्रेडॉर. ऑफिसच्या भिंतीवर दत्ताचं कॅलेंडर. त्यातली चारही कुत्री मी पहिल्यांदाच नीट पाहिली. चारही गावठी, आणि एकाच्याही गळ्यात पट्टा नाही.

आमची ही शेवटून दुसऱ्या पिंजऱ्यात होती. आली नाही, भुंकली नाही, शेपूटही हलवलं नाही. नुसती बघत होती. पिंजऱ्यावर कार्ड: 'ब्राउनी. मादी. अंदाजे चार ते पाच वर्षं. नसबंदी झालेली. रस्ता अपघात, डावा मागचा पाय. लसीकरण पूर्ण.' तपकिरी कुत्र्याचं नाव ब्राउनी नाही, असं शेल्टर मी अजून ऐकलेलं नाही. एका कानाचं टोक कापलेलं होतं. नसबंदी झाली ही त्याची खूण, म्हणजे पालिकेची गाडी त्याच कुत्रीला पुन्हा उचलत नाही. नियमाप्रमाणे अशा कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. पण हिचा पाय वाकडा जुळला होता. धावताना अडखळते, गाडी आली तर पळता येणार नाही, म्हणून ठेवून घेतलेली.

'हिची स्टोरी काय?' नवऱ्यानं विचारलं.

तिथली व्यवस्था बघणारा एक दादा होता. त्याच्या खांद्यावर मांजराचं पिल्लू बसलं होतं आणि त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. 'अपघात झाला, कुणीतरी फोन केला, आम्ही आणली,' तो म्हणाला.

'नाही, पण त्याच्या आधी?'

'आधी मी नव्हतो ना तिथं.'

मला तो माणूस त्या क्षणी आवडला. नंतर चहा घेताना तो जरा मोकळा झाला. सगळे स्टोरी विचारतात, म्हणाला. फोटोखाली नुसतं 'कुत्री, पाच वर्षं, तब्येत चांगली' लिहिलं तर कुणी बघत नाही. मालकानं टाकली, पोरांनी मारलं, असं लिहिलं की फोन येतात, पैसेही येतात. 'स्टोरीवर पैसे येतात आणि पैशांवर भात शिजतो, ताई. पण जे माहीत नाही ते लिहायला मला जमत नाही.' वयाचंही तेच. पिल्लाचं वय दातांवरून बऱ्यापैकी कळतं, मोठ्या कुत्र्याचं दातांची झीज बघून ठरवायचं. आणि जे कुत्रं दगड चघळत वाढलं असेल त्याचे दात लवकर झिजतात. म्हणजे चार ते पाच हेसुद्धा मोघमच.

मग अर्ज. घर स्वतःचं की भाड्याचं, बाल्कनीला जाळी आहे का, गावी जाताना कुत्रं कुणाकडे, साखळीनं बांधून ठेवणार का, नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला न देता इथेच परत आणाल का. मुलाला ही उलटतपासणी वाटली. मला ती रास्तच वाटली, कारण विकत घेणाऱ्याला हे प्रश्न कुणी विचारत नाही आणि त्याचाच परिणाम कूलरसमोर आडवा पडलेला दिसत होता. त्यानंतर एक मुलगी घर बघायला आली. तिनं सासूबाईंना विचारलं, 'आजी, तुमचं मत?'

'माझं मत नाही असंच आहे,' आई म्हणाल्या. त्या माळकरी. 'पण आणलंत तर मी मुक्या जनावराला त्रास कशाला देऊ?'

मुलीनं हे जसंच्या तसं लिहून घेतलं. तह असा ठरला: आईंच्या खोलीत यायचं नाही, देवघराकडे फिरकायचं नाही, आणि तिचं चिकन स्वयंपाकघरात शिजणार नाही. ते बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. नवऱ्यानं शेवटचा प्रयत्न म्हणून नामदेवांची गोष्ट काढली, कुत्र्यानं पोळ्या पळवल्या तेव्हा तुपाची वाटी घेऊन ते त्याच्यामागे कसे धावले ती. आई म्हणाल्या, 'धावले. घरी नाही आणलं त्यांनी.'

आईंचं मत आजही तेच आहे. आजी आधी नको नको म्हणते आणि महिन्याभरात त्याच कुत्र्याला मांडीवर घेऊन बसते, असले व्हिडिओ लोक मला पाठवतात. आमच्याकडे तसं काही झालेलं नाही. त्या दोघी एका घरात राहणाऱ्या दोन जाणत्या बायका आहेत. एकमेकींच्या वाटेत येत नाहीत.

बयो हे नाव घरी आल्यावर पडलं. आली ती थेट दिवाणाखाली. शेल्टरवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं एक ढोबळ गणित सांगतात: धक्का ओसरायला तीन दिवस, घराची घडी कळायला तीन आठवडे, हे आपलं घर आहे असं वाटायला तीन महिने. बयोनं हे गणित वाचलेलं नव्हतं. ती दिवाणाखालून आम्ही झोपल्यावरच बाहेर येई, खाई, आणि परत आत. आंघोळ घालू नका, पाहुणे बोलावू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, असं सांगितलेलं होतं. आणि बाहेर नेताना दोन पट्टे, एक गळ्याला आणि एक छातीच्या हार्नेसला. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत सरकत पट्ट्यातून डोकं काढून घेतं आणि अनोळखी जागी पळत सुटतं.

मग भीती दिसायला लागली. झाडू हातात घेतला की ती भिंतीला चिकटे. घरातल्या कथाकारांना एवढं पुरलं. नवरा म्हणाला, कुणीतरी वॉचमन असणार, झाडूनं मारत असणार. हेल्मेट घातलेला माणूस बघून ती थरथरली तेव्हा मुलगा म्हणाला, ज्यानं उडवलं तो बाइकवालाच. समोरच्या वहिनींनी दोन्ही जोडून एक सलग कथाच तयार केली, तिच्यात वॉचमनच बाइकवर होता. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आमच्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, शक्य आहे. पण आणखीही एक शक्यता आहे, आणि ती जास्त साधी आहे. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की तिथपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत त्याच्या डोक्यात जगाची यादी तयार होत असते. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं, ते पुढे आयुष्यभर 'ठीक आहे' या खात्यात. जे दिसलंच नाही, ते नंतर समोर आलं की भीती. त्यासाठी कुणी मारायची गरज नसते. हे नंतर मी वाचलंही. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला स्कॉट आणि फुलर या दोघांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कितीतरी वर्षं पिल्लांवर हेच काम केलं. माणूस न बघता वाढलेली पिल्लं पुढे माणसालाच घाबरत राहिली.

तरी नवऱ्याचा वॉचमन काही मरेना. तो मेला मे महिन्यात. देवगडहून नणंदेनं फणस पाठवला. भला मोठा बरका. तो हॉलमध्ये वर्तमानपत्रावर ठेवला. बयो स्वयंपाकघराच्या दारातून आली, फणस दिसला, आणि चारही पाय फरशीवर घसरत मागे पळाली. मग दारामागून मान काढून गुरगुरली. फणस जागचा हलला नाही म्हणून भुंकली. दिवसभर ती भिंतीला घासून त्याला वळसा घालून जात होती.

'आता सांग,' मी नवऱ्याला म्हटलं, 'फणसानं हिला कधी मारलं?'

तेव्हापासून मी यादीच करते. ती घाबरते त्या गोष्टी: फणस, फुगा, मिक्सर, उघडी छत्री, योगा मॅटची गुंडाळी, सोसायटीतला सांताक्लॉज. न घाबरणाऱ्या गोष्टी: लोकल, मालगाडी, गणपतीतला ढोल, भाजीवाल्याचा भोंगा, रात्री दोनला भांडणारे दारुडे. यातून काही कळत असेल तर एवढंच, की ती घरात वाढली नाही आणि रेल्वेजवळ कुठेतरी वाढली. झाडूनं खरंच मार बसला असेलही. नसेलही. पण ज्या वॉचमनला आम्ही कधी पाहिलं नाही त्याच्यावर खटला चालवून, त्याला शिक्षा देऊन, वर स्वतःला बक्षीस घ्यायचं, हे मला पटत नाही. त्या कथेत शेवटी आम्ही येतो ना, तारणहार म्हणून. सगळी मांडणी त्या शेवटासाठी असते.

आणि तिला काय काय येतं ते या कथांमध्ये कुठेच बसत नाही. रस्ता ओलांडताना ती थांबते, दोन्हीकडे बघते आणि रिक्षा गेल्यावरच पाऊल टाकते. माझा मुलगा असं करत नाही. पारले-जीचा कागद दोन खोल्या पलीकडे वाजला तरी तिला कळतो. स्टेशनजवळच्या एका चहाच्या टपरीपाशी ती पट्टा ओढत जाते, बाकाखाली बसते आणि कुठल्या गिऱ्हाइकाकडे बघायचं ते अचूक हेरते. लॅपटॉपच्या बॅगवाल्यांकडे ती ढुंकूनही बघत नाही. ज्याच्या हातात खारी आहे आणि ज्याला घाई नाही, तो माणूस तिचा. हे ज्ञान पिंजऱ्यात मिळत नाही. तिचं एक आयुष्य होतं, हद्द होती, ठरलेली गिऱ्हाइकं होती, उन्हात पसरायची जागा होती, बहुधा दोनचार सोबतीही. ते सगळं गेलं तेव्हा ती आमच्याकडे आली. आता तिला चार भिंती आहेत, वेळेवर भात आहे, आणि दिवसातून तीनदा कुणाच्या तरी सोयीनं बाहेर जाणं आहे. सौदा वाईट नाही, पण फुकटही नाही, आणि तो करताना तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

म्हणजे रस्त्यावरचं आयुष्य गोड होतं असं नव्हे. गोचिडांचा ताप, खरूज, गाड्या. आणि माणसांच्या बाजूनंही ते गोड नाही. आमच्या विंगमध्ये एक मुलगा आहे, त्याला शाळेबाहेर कुत्रं चावलं होतं. सगळी इंजेक्शनं झाली, आता तो बयो दिसली की आईच्या मागे लपतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा नवरा अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांचा कागद घेऊन गेला. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वगैरे. कागद बिनतोड होता. पण रेबीज एकदा उठला की माणूस जवळपास वाचतच नाही, आणि ज्या आईनं ती इंजेक्शनं मोजली आहेत तिच्यापुढे परिपत्रक नाचवणं मला बरं दिसेना. मी बयोचं लसीचं पुस्तक दाखवलं आणि सांगितलं, तुम्ही लिफ्टमध्ये असाल तर आम्ही पुढची घेऊ. तेव्हापासून तसंच चाललंय.

ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाचे आदेश आले तेव्हा घरोघरी हाच विषय होता. 11 तारखेला दिल्लीतली सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये टाका, असा आदेश. 22 तारखेला तो बदलून, नसबंदी आणि लस देऊन जागेवर सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी ठेवा. त्यातच एक वाक्य होतं की प्राणीप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घेता येईल, पण मग ते रस्त्यावर परत येता कामा नये. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच सुरू झालं, एवढं प्रेम आहे ना, मग घेऊन जा एकेक घरी. 2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात पावणेतेरा लाख. दत्तक घेऊन रस्ते रिकामे होत नसतात. रस्त्याचा प्रश्न नसबंदीचा, लसीचा आणि उघड्या कचऱ्याचा आहे. दत्तक घेणं ही एका कुत्र्याची आणि एका घराची गोष्ट.

मला त्या दिवसांत परळ आठवत होतं. आमचं बालपण तिथल्या चाळीतलं, वडील गिरणीत. जवळच बैलघोडा हॉस्पिटल. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं, 1883 साली स्थापन झालेलं, हे त्या पाटीवरचं कुणी वाचत नसे. आम्हाला बैलघोडा, बस. मुंबईत कुत्र्यांवरून पेटलेलं भांडण तर त्याहून जुनं आहे. 1832 च्या जून महिन्यात इंग्रज सरकारचे शिपाई भटकी कुत्री मारत होते. कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे ते घरादारात शिरून पाळलेलीसुद्धा मारू लागले. पारशी चिडले. त्यांच्यात मृताला शेवटचं कुत्र्यानं बघायचं असतं. पोलिसांना चोप बसला, दुकानं बंद झाली, हिंदू, जैन, मुसलमानही सामील झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि इतर शेठियांनी भुलेश्वरचा पांजरपोळ काढला. आज तो गाईगुरांचा म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या मुळाशी कुत्री आहेत. म्हणजे मारायचं, उचलायचं की ठेवायचं, हा वाद या शहरात दोनशे वर्षं होत आली तरी त्याच तीन शब्दांभोवती फिरतोय.

दिवाळी मात्र तिची वाईट गेली. ढोल चालतो, फटाके नाही. बाथरूममध्ये पंखा आणि रेडिओ लावून ती आणि मुलगा बसून राहिले.

मार्गशीर्षात तो शेल्टरचा दादा डोंबिवलीत दुसऱ्या एका घराची पाहणी करायला आला होता, तो आमच्याकडेही डोकावला. आम्ही सगळे जरा सावरून बसलो. मुलानं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. ज्यानं हिला रस्त्यावरून उचललं, पाय बांधला, महिनोन्‌महिने भरवलं, तो माणूस दारात उभा. समोरच्या वहिनीही आल्या होत्या.

बयो आली. त्याची पँट हुंगली, बूट हुंगले, बूट जरा जास्त वेळ, त्यावर बरीच माहिती असावी. मग त्याच्या शर्टाच्या खिशात नाक घालून बिस्किट काढलं आणि बाल्कनीत जाऊन खाल्लं. परत काही आली नाही. वहिनी म्हणाल्या, 'ओळखलं नाही वाटतं.'

'ओळखलं की. खिसा बरोबर ओळखला,' तो म्हणाला. मुलानं हिरमुसून मोबाइल खाली ठेवला. दादानं बाल्कनीत जाऊन तिचे कान उलटे करून पाहिले, हिरड्या दाबल्या, बरगड्यांवरून हात फिरवला. 'वजन वाढलंय. भात कमी करा, या पायावर एवढं वजन नको.' आईंनी आतून त्याला चहा पाठवला. तो पिताना त्याचं लक्ष आमच्या बाल्कनीच्या जाळीवर होतं. जाळीतून हात घालून त्यानं दोन ठिकाणी ओढून बघितलं आणि मग वहिनींकडे वळला.

'तुमच्याकडे पण अशीच जाळी आहे का हो? नाही, मांजरं फार झालीत आमच्याकडे.'